चौथा खलाशी

१

शिवदास मरायचा फार सुंदर.

दिघीच्या खाडीकाठी जी कोळीवाडी आहे, तिथे दर चैत्रात जत्रेला नाटक व्हायचं. गेली तीस वर्षं त्या नाटकात कोणी मेलं, की तो शिवदासच असायचा. राजा असो नाहीतर हवालदार, दोन वाक्यांपलीकडे त्याला काही पाठ होत नसे. पण एकदा वार बसला की शिवदास कोणाच्या बापाला ऐकायचा नाही. तीन गिरक्या घ्यायच्या, गुडघ्यावर यायचं, मान टाकायची, टाकलेली मान पुन्हा उचलून पाणी मागायचं आणि पाणी यायच्या आत जीव सोडायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या, पोरं ‘वन्समोर’ म्हणून ओरडायची आणि शिवदास, स्वभावाने भिडस्त असल्यामुळे, उठून पुन्हा मरायचा.

एकोणीसशे एकोणसाठ साली सदा मास्तरांनी ठरवलं की राजेराण्या पुरे झाल्या. या वर्षी खरं घडलेलं नाटक करायचं.

खरं घडलेलं वाडीत एकच होतं. अकरा वर्षांपूर्वी वाडीचा मचवा नारळ भरून मुंबईला निघाला होता. बंदरावर दोन अनोळखी माणसं हातापाया पडली, म्हणून दया येऊन त्यांना बरोबर घेतलं. तिसऱ्या दिवशी मचवा मुरूडसमोर नुसताच वाहत सापडला. भिकू तांडेल, धर्माजी आणि येसाजी, तिघांवर कोयता चालला होता. मारेकरी पुढे पकडले गेले, अलिबागच्या कोर्टात उभे राहिले आणि फासावर गेले. वाडीत अजूनही कोणी त्या दिवसाबद्दल मोठ्याने बोलत नसे.

वाडीचा पाटील रावजी म्हातारा होता. त्याने परवानगी दिली, पण एक अट घातली.

“मेलेल्या मानसाचं नाव परक्यानं अंगाव घ्यायचं न्हाय, मास्तर. ज्याच्या घरचा मुडदा, त्याच्याच घरच्यानं काम करायचं.”

त्यामुळे भिकूचं काम त्याच्या मुलाकडे गेलं, धर्माजीचं भावाकडे, येसाजीचं पुतण्याकडे. मारेकऱ्यांची कामं घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून एक घोंगडी सदाने स्वतः पांघरली आणि दुसरी शाळेच्या शिपायाने.

शिवदासला मरायला जागाच उरली नाही.

तरी तो रोज दुपारी तालमीला यायचा, शाळेच्या दाराशी बसून कंदिलाच्या काचा पुसायचा आणि दुसऱ्यांचं मरण बघायचा. साठीचा माणूस, बायको बाळंतपणात गेलेली, पुढेमागे कोणी नाही. सदा लहान असताना याच माणसाने चार वर्षं त्याला स्वतःच्या होडीतून खाडीपलीकडे शाळेला पोचवलं होतं, पावसात स्वतःचं इरलं त्याच्यावर धरून. सदाचा त्याच्यावर फार जीव. त्या पुसलेल्या काचा त्याला बघवेनात.

म्हणून त्याने मचव्यावर एक चौथा खलाशी चढवला. नाव गुणाजी. काम मचव्यावर जेवण रांधण्याचं. दोन वाक्यं आणि एक मरण.

“ह्यो कोनाच्या घरचा?” रावजीने विचारलं.

“पलीकडचा आहे, आगरदांड्याकडचा,” सदाने थाप मारली.

“आनि शिवदास त्याचा कोन?”

“भाऊ लागतो. लांबचा.”

रावजीने मान हलवली. अट पाळली गेली होती.

घरी सदाच्या बायकोने, नीराबाईने, हे ऐकलं आणि ती हसून म्हणाली, “मारायला मानूस कमी पडला म्हनून नवा जन्माला घातलात व्हय? धन्य हाय बाय तुमची.” जत्रेला ती माहेरी श्रीवर्धनला जाणार होती, म्हणून नाटक तिला बघायला मिळणार नव्हतं. तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

२

नाटक रंगलं. तिघांच्या घरच्यांनी तिघांची कामं केली तेव्हा वाडीत एकही डोळा कोरडा राहिला नाही. मग शिवदासची पाळी आली. लोक सरसावून बसले. पोरांनी ‘वन्समोर’साठी आधीच तोंडं उघडली होती.

घोंगडी पांघरलेल्या सदाने मागून लाकडी कोयता मारला.

शिवदासने गिरकी घेतली नाही. तो चुलीजवळ हळूच खाली बसला. हात लांब करून भाताच्या टोपावर झाकण ठेवलं, ते नीट बसलं की नाही ते बोटाने दाबून पाहिलं, आणि मग तो आडवा झाला. पाणी मागितलं नाही.

टाळी पडली नाही. मागे कुठेतरी एक मूल रडायला लागलं.

पडदा पडल्यावर सदा म्हणाला, “काका, हे काय केलंत? असं बसवलं नव्हतं आपण.”

शिवदास जरा ओशाळला. “भात उघडा ऱ्हायला असता ना, सद्या,” तो म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याहून पहिली तर, खाडी ओलांडणारी उताऱ्यांची होडी, आली, आणि तिच्यातून एक बाई उतरली. पन्नाशीची असेल. कपाळ मोकळं, लुगडं जुनं पण स्वच्छ, डोक्यावर सुक्या जवळ्याची पाटी. विचारत विचारत ती शाळेत आली. सदा आणि शिवदास नाटकाचे बांबू मोजून ठेवत होते.

“मी गोदूबाई,” ती म्हणाली. “गुनाजीची घरवाली.”

सदाच्या हातातला बांबू तसाच राहिला.

“अकरा वर्सं सगळी तिगांचंच नाव घेतात,” ती पाटी उतरवत म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, उलट फार दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखं ती बोलत होती. “तुमी ह्यांना घेतलंत, मास्तर. देव तुमचं भलं करो.” मग शिवदासकडे वळून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “आनि भावजी, शेवटी झाकन ठेवलंत, ते लई बरं केलंत. ते तसेच होते. पोटात आग पडली असंल तरी भात उघडा ठेवायचे न्हाईत.”

शिवदासला जन्मात कोणी भावजी म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

सदाने मनाशी सगळं लावून घेतलं. बाई एकटी असणार, डोक्यावर परिणाम झाला असेल. गुणाजी नावाचा नवरा खरंच असेल आणि समुद्रात गेला असेल. नाव काही जगावेगळं नाही. नाटकाचं कोणीतरी तिला सांगितलं असणार.

ती शाळेतून निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं. संध्याकाळ झाली की तर बंद होते. नाटक बघायला पलीकडून आलेली माणसं रात्री वाडीतच झोपली होती, आणि ती सगळी माणसं अजून धक्क्यावर बसून परतीच्या तरीची वाट बघत होती. मग पलीकडे तिला सांगितलं कोणी?

४

सदाने रावजीला गाठलं. म्हातारा जाळं विणत बसला होता.

“पाटील, त्या मचव्यावर तिघंच होते ना?”

“तिगं,” रावजी मान वर न करता म्हणाला, “आनि तो पलीकडचा. रांधनारा.”

“तो नाटकातला, पाटील. मी घातलेला.”

“तू कशाला घालशील? मना काय ठावं न्हाय व्हय? लाल टोपी घालायचा. चाय लई ग्वाड करायचा.” रावजीने गाठ दाताने ओढली. “गरीब बिचारा.”

सदा हसला. म्हाताऱ्याने नाटक पाहिलं, आणि या वयात पाहिलेलं आणि घडलेलं एकात एक मिसळतं. हे अगदी साधं आहे, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. टोपी मात्र शिवदासने नाटकात घातली नव्हती. त्याने डोक्याला फडकं बांधलं होतं.

चार दिवसांनी नीराबाई माहेराहून आली. तिने नाटक पाहिलं नव्हतं. मचवा ओढून आणला तेव्हा ती नवी नवरी होती आणि किनाऱ्यावर उभी होती. सदाने तिला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “किती जण होते गं तेव्हा?”

ती तांदूळ निवडत होती. “तीन तिरड्या हिथं बांदल्या,” ती म्हणाली. “चौथा परस्पर पलीकडं नेला. त्याची बायको तरीवर उबी होती. रडत न्हवती, नुसती बगत होती. असं काय बगताय?”

“अगं, तूच म्हणाली होतीस, नवा माणूस जन्माला घातलात म्हणून.”

नीराबाईने सूप खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “मी असं कशाला म्हनंन?” ती मायेने म्हणाली. “मेलेल्या मानसाबद्दल असं बोलतात व्हय?”

५

शिवदास दर चार दिवसांनी पलीकडे जेवायला जाऊ लागला. परत यायचा तो डोक्याला तेल, सदऱ्याला सगळी बटणं. चेहऱ्यावर अशी तुकतुकी, की वाडीतल्या बायका त्याची थट्टा करायच्या. सदालाही वाटे, कशाला खोडा घालावा? माणसाला साठाव्या वर्षी आपल्या हक्काचा गरम भात मिळतोय. पण वैशाखात एकदा शिवदास पलीकडून आल्याबरोबर सदाच्या पोराला न ओळखता पुढे गेला, आणि हाक मारल्यावर वळायला त्याला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सदा तरीत बसला.

घर डोंगराच्या अंगाला होतं, माडांच्या पलीकडे. अंगण सारवलेलं. गोदूबाईने हसून या म्हटलं, पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. खोली एकच, स्वच्छ आणि थंड. खुंटीवर एक पुरुषी सदरा वाळत घातला होता. त्याच्या टोकातून थेंब पडत होते आणि खाली जमिनीवर छोटासा ओला डाग होता. सदाने बाहेर पाहिलं. ऊन नुसतं रणरणत होतं, दोरी मोकळी होती. ओला कपडा आत कशाला वाळत घालावा, हे त्याला विचारावंसं वाटलं. 

आतल्या कोपऱ्यातून आवाज येत होता. टोपावरचं झाकण वाफेने हलावं, तसा बारीक, घाईचा आवाज.

“भात होतोय,” गोदूबाई म्हणाली.

सदाने वाकून पाहिलं. चूल विझलेली होती. विझलेली म्हणजे आजची नव्हे. राख सपाट बसली होती आणि तिच्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं. झाकण हलत होतं.

तो उठणार होता, तेवढ्यात गोदूबाई त्याच्या समोर बसली आणि घरातल्या लग्नाबद्दल बोलावं तशी बोलू लागली.

“नारळी पुनवेला तुमच्या वाडीत नारळ सोडतात ना गेलेल्यांच्या नावानं? ह्यांचा कंदीच न्हाय सुटला. घरचा पुरुष लागतो. आता भावजी हायेत. त्येच जातील होडी घेऊन, जिथं हे पडले तिथवर.”

“तिथवर? पावसाळी समुद्रात, एकटे?” सदा म्हणाला. “आणि परत कसे येणार?”

गोदूबाईने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, कपट नव्हतं. त्याचंच सदाला जास्त भय वाटलं.

“परत कशाला?” ती म्हणाली.

६

सदाने शिवदासला शाळेच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. जाऊ नका म्हणाला, हातापाया पडला, शेवटी रडला.

शिवदासने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “सद्या, मना कुनी कंदी बोलावलं न्हाय रं,” तो म्हणाला. “तुज्या घरी मी जेवतो, पन ते तू चांगला हायेस म्हनून. तिथं माजी जागा हाय. तिथं मी नसलो तर कमी दिसतो.”

सदा उठून घरी गेला.

रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार त्याने विचार केला. तो शिकलेला माणूस होता, भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. आताही तो म्हणत होता की विश्वास नाही. पण चूक त्याची होती, आणि लिहिलेली चूक खोडता येते एवढं त्याला ठाऊक होतं. म्हसळ्याच्या मंडळींनी तेच नाटक पावसाआधी त्यांच्याकडे करायला बोलावलं होतं. सदाने वही उघडली. गुणाजीला काढून टाकून भागणार नव्हतं, लोकांनी आता त्याला पाहिला होता. त्याचं मरण मात्र काढता येत होतं. दिघीच्या धक्क्यावर गुणाजी सरपण आणायला उतरतो, त्याला उशीर होतो आणि मचवा त्याच्याशिवाय निघून जातो. एवढंच. जो मेलाच नाही, त्याचा नारळ कोण सोडेल?

शिवदासला कळलं तेव्हा तो लहान मुलासारखा रुसला.

“मना मारनार न्हाय?”

“या खेपेला तुम्ही जगायचं, काका.”

“तीस वर्सं मरतोय मी. जगायचं कसं ते मना येत न्हाय.”

“उतरायचं आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही.”

शिवदासने सदाचा शब्द कधी मोडला नव्हता. म्हसळ्याला तो मचव्यातून उतरला, खांद्यावर कुऱ्हाड टाकली आणि चालत विंगेत गेला. मचव्यावर राहिलेल्या तिघांचं पुढे काय होणार ते लोकांना ठाऊक होतं. चौथा वाचला म्हणून त्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की शिवदास आत येऊन खांबाला धरून उभा राहिला. इतक्या टाळ्या त्याला मरूनही कधी मिळाल्या नव्हत्या.

सदाने पडद्याच्या फटीतून बघितलं. बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, गोदूबाई बसली होती. तिचे दोन्ही हात तोंडावर होते. ती हसत होती की रडत होती, ते इतक्या लांबून कळेना.

वाडीत परतल्यावर सदा आधी रावजीकडे गेला.

“तिगंच होते,” रावजी म्हणाला. “चौथा दिघीला उतरला होता. मागनं कुठं गेला कुनास ठाऊक. नशिबाचा.”

नीराबाईही तेच म्हणाली. तीन तिरड्या. चौथी कसली?

शिवदास पुन्हा सदाच्या घरी जेवू लागला. पोराला खांद्यावर घेऊन फिरू लागला. मग पाऊस लागला, खाडी फुगली आणि तर बंद झाली. ते अडीच महिने सदा फार सुखाने झोपला. आपण काकाला ओढून काठावर आणलं, याचा त्याला मनातून अभिमान वाटत होता आणि तो त्याने लपवलाही नाही.

७

नारळी पौर्णिमेला दुपार कलल्यावर वाडी किनाऱ्यावर जमली. ऊन पडलं होतं. रावजीने तीन नावं घेतली. तीन घरांतल्या माणसांनी गुडघाभर पाण्यात जाऊन तीन नारळ सोडले. सदा श्वास रोखून उभा होता. रावजीने चौथं नाव घेतलं नाही. त्याने हात जोडले, आणि पोरांनी उरलेले नारळ फोडायला सुरुवात केली.

शिवदास सदाच्या शेजारीच होता. सदाने त्याचा हात धरला. हात ऊबदार होता, जरा घामट, अगदी त्याच्या काकाचा होता.

“तर आयली,” कोणीतरी ओरडलं.

पावसात बंद झाल्यानंतरची पहिली तर आगरदांड्याकडून येत होती. पुढच्या टोकाला गोदूबाई उभी होती. हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिने लांबूनच हात वर केला.

“भावजी! आले वो! चालत चालत आले. अकरा वर्सं लागली, पन आले!”

तिच्यामागे एक माणूस वल्ही मारत होता. वल्हवणाऱ्याची पाठ काठाकडे असते, तशी याचीही होती. रुंद पाठ, वाळायला वेळ न मिळालेला सदरा, लाल टोपी, मानेवर पिकलेले केस. वाडीतली माणसं आनंदाने पुढे सरकली. “गुनाजी आला,” म्हणून रावजीने काठी उंचावली. नीराबाईने तर डोळे पुसले. कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

वाळूला तर घासली. त्या माणसाने वल्हं आत घेतलं, उठून उभा राहिला आणि वळू लागला.

सदाने त्याचं नाव लिहिलं होतं. गाव लिहिलं होतं, काम लिहिलं होतं, चुकलेला मचवा लिहिला होता. चेहरा कसा असतो, ते कुठेच लिहिलं नव्हतं. आधी कान दिसला. कानाच्या पुढे गाल सुरू व्हायला हवा होता. सदाने डोळे घट्ट मिटले.

पाण्यातून पावलं आली. ओल्या वाळूवर आली. त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. भिजलेल्या सदऱ्यातून थेंब पडल्याचा आवाज येत होता.

“हेच ते मास्तर,” गोदूबाई कौतुकाने सांगत होती. “ह्यांनीच तुमाला उतरवलं. बोला की त्यांच्याशी.”

समोरून काही आवाज आला नाही. श्वासाचाही नाही. मचव्यातून उतरल्यापुढे गुणाजीला एक अक्षरही दिलेलं नव्हतं, हे सदाला आठवलं. काय बोलायचं, कुठे राहायचं, कोणाचं कोण व्हायचं, काहीच नाही. ज्याने इथवर आणलं त्याच्याकडे तो आला होता, आणि आता हलणार नव्हता.

सदाने शिवदासचा हात सोडला नाही. शिवदासनेही सोडवून घेतला नाही. तो फक्त सदाच्या कानाशी वाकला आणि ज्या मऊ आवाजात लहानपणी होडीत त्याची भीती घालवायचा, त्या आवाजात म्हणाला,

“सांग रं बाबा त्याला कायतरी. किती येळ उबा ऱ्हाईल बिचारा?”